दोष असल्यास येथे लिहावा

ज्याचं पोट चुका शोधण्यावर भरतं, त्याच्या हाती चालती गोष्ट देऊ नये. पण हे ट्रकला कोण सांगणार, आणि सांगितलं असतं तरी ट्रकच्या हातात काय होतं?

छापखान्यात त्यांना सगळे 'शोधक' म्हणत. छापायच्या आधी कागद नजरेखालून घालायचा, लाल शाईनं खुणा करायच्या आणि नको ते खोडायचं, हे काम त्यांनी सव्वीस वर्षं केलं होतं. सवय अशी हाडीमांसी खिळलेली की किराण्याची यादी समोर आली तरी हात खिशातल्या लाल पेनाकडे जाई. त्यांची बायको शेजारणींना सांगत असे, "आमच्या लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा यांनी दोन चुका काढल्या होत्या. एक छपाईतली आणि एक मी."

ट्रक थोरल्या भावाचा. पेट्रोलवर चालणारा, कार्ब्युरेटरच्या जमान्यातला, पुढे नाक काढलेला, हिरवा रंग उन्हानं पिऊन टाकलेला. भाऊ गेला आणि मागे दोन गोष्टी राहिल्या, हा ट्रक आणि वहिनी. दोन्ही शोधकांच्या घरी आल्या. ट्रक अंगणात, वहिनी मागच्या खोलीत. वहिनींना या घरात कुणी काही कमी करत नव्हतं आणि नेमकं तेच त्यांना सलत होतं. न मागता मिळणाऱ्या घासाला मीठ जरा जास्तच लागतं. त्यांना ट्रक चालवता येत होता, नवऱ्यानं शिकवला होता, लायसनही होतं. गावाबाहेरच्या रोपवाटिकेचा व्यवस्थापक म्हणाला होता, "आठवड्यातून तीन दिवस रोपं पोचवायची. दोन महिन्यांत ट्रकचा तपासणी दाखला आणा, काम तुमचं." तेवढ्या एका कागदावर वहिनींचं पुढलं सगळं आयुष्य टांगलेलं होतं.

"वहिनी, तुम्ही काळजी करू नका," शोधक म्हणाले. "दाखला मी आणतो. गाडी आधी निर्दोष करू, मग तुमच्या हाती देऊ."

"चालते की ती, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "कालच मी कोपऱ्यापर्यंत नेऊन आणली."

"चालणं वेगळं, निर्दोष असणं वेगळं."

हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते दोनदा म्हटलं. अशी वाक्यं माणसाला पुढे फार महागात पडतात, पण म्हणताना जिभेला गोड लागतात.

रविवारी सकाळी त्यांनी बाह्या सरसावल्या आणि इंजिनावरचं झाकण उघडलं. आत पाहतात तो काय, भावानं इंजिनाचा संसार मांडून ठेवला होता. इथं चिंधी बांधलेली, तिथं सुतळी, एका नळीला सायकलच्या ट्यूबची पट्टी. आणि एका कोपऱ्यात, पेट्रोलच्या नळीला चिकटून, चक्क कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा. शोधकांचे डोळे चमकले. आयुष्यभर ज्यानं नको ते खोडलं, त्याच्यासमोर साक्षात खोडण्याजोगं असं पान उघडं पडलं होतं. त्यांनी चिमटा उपटला.

"बघा," चिमटा उंच धरून ते म्हणाले, "आमच्या दादाचं काम हे असं. धोब्याची दोरी की इंजिन?"

वहिनी हातातलं सूप खाली ठेवून पुढे आल्या. "भाऊजी, तो चिमटा त्यांनी मुद्दाम माझ्याकडून मागून—"

"वहिनी, यंत्रात परकी वस्तू ठेवायची नसते. चहा टाकता का जरा? आणि थोडं रॉकेल द्या, हात भरलेत."

वहिनी चहा टाकायला गेल्या. शोधकांनी चिमटा फडक्याला पुसला आणि कुठलीच वस्तू वाया जाऊ न देणाऱ्या माणसाप्रमाणे बायकोच्या चिमट्यांच्या डब्यात टाकून दिला. डब्यात एकोणीस होते, वीस झाले. घराला एका चिमट्याचा फायदा झाला, असा हिशेब त्या दिवशी त्यांच्या मनात पक्का होता.

दुपारी त्यांनी ट्रक बाहेर काढला. बाजार ओलांडला, पाण्याच्या टाकीजवळचा चढ लागला, चढावर डावं वळण आलं आणि ट्रक ठसकला. म्हाताऱ्याच्या घशात पाणी अडकावं तसा एकदा, मग दोनदा. मग काही झालंच नाही अशा थाटात पुढे गेला.

*

वरच्या मजल्यावर एक निवृत्त बसड्रायव्हर राहत. बोलण्याआधी ते इतका मोठा सुस्कारा सोडत की सगळे त्यांना 'एअरब्रेक' म्हणत. ते जिना उतरून आले, सुस्कारा सोडला.

"मिसिंग आहे."

"काय हरवलंय?" शोधकांच्या बायकोनं विचारलं.

"हरवलं नाही हो. इंजिन ठिणगी चुकवतंय. चार सिलिंडर म्हणजे चार बैल समजा. तिघं ओढतात, एक मधेच गवत खायला थांबतो."

"आमच्या घरात उलट आहे," बायको म्हणाली. "एक ओढते, बाकीचे अंगणात उभे."

मिस्त्रीचं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. पत्र्याची शेड, भिंतीवर जुन्या पट्ट्या सापासारख्या लोंबणाऱ्या, मधोमध खुर्ची म्हणून बसची सीट. मिस्त्री कमी बोलणारा माणूस. त्यानं ट्रक चालवून पाहिला. ट्रक सरळ चालला. त्यानं प्लग बदलले.

ट्रक दोन दिवस बरा होता, तिसऱ्या दिवशी ठसकला.

मिस्त्रीनं पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला. ट्रक दोन दिवस बरा, तिसऱ्या दिवशी ठसका. मग कार्ब्युरेटर उतरवला, त्याची इवली इवली पितळी भोकं फुंकून साफ केली, लहान मुलाचे कान पुसावेत इतक्या मायेनं पुसली आणि परत चढवला. दोन दिवस बरा. एअरब्रेक म्हणाले, कॉइल तापते, तिच्यावर ओलं फडकं घाला. ओलं फडकं घातलं. दोन दिवस बरा. समोरच्या, साखरेच्या गोळ्या देणाऱ्या होमिओपॅथी डॉक्टरांनी अंगणात येऊन विचारलं, ठसका सकाळी जास्त की संध्याकाळी, दमट हवेत वाढतो का आणि ट्रकला एकटेपणात बरं वाटतं की माणसांत. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मात्र खरोखर होतं. माणसांत बरं वाटतं. जाणकार माणूस शेजारी बसला की ट्रक शहाण्या मुलासारखा चाले, शोधक एकटे असले की ठसके.

"गाडीत दोष नाही साहेब," मिस्त्री शेवटी म्हणाला. "तुम्ही क्लच कसा सोडता ते एकदा बघू."

सव्वीस वर्षं ज्यानं दुसऱ्याच्या चुका काढल्या, त्याला त्या दिवशी पत्र्याच्या शेडमध्ये, पट्ट्यांच्या सापांखाली उभं राहून क्लच सोडून दाखवावा लागला. समोरच्या केशकर्तनालयातली दोन गिऱ्हाइकं, गालांना साबण तसाच, बघायला बाहेर आली.

वहिनींनी एकदा पुन्हा विषय काढला. मिस्त्री अंगणात इंजिनाशी झटत होता, पंखा घरघरत होता, त्या घरघरीतून त्या म्हणाल्या, "भाऊजी, पहिल्या दिवशी तुम्ही जे काढलंत ना—"

"जे काढलं तो कचरा होता वहिनी," शोधक ओरडून म्हणाले. ते इंजिनाच्या आवाजामुळे ओरडले होते. पण ओरडणं ते ओरडणंच. वहिनी आत गेल्या.

ट्रकबरोबर आणखी एक भोग सुरू झाला होता. दर आठवड्याला शोधकांच्या एका तरी पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर काळा डाग उमटू लागला. बोटाच्या पेराएवढा, तेलकट, जुळा. एक पुढे, एक मागे.

"ऑफिसच्या कपड्यांत त्या धुडाला मिठी मारता का?" बायको विचारी.

"मी त्याच्या दहा हात लांब असतो."

"मग डाग काय चालत येतो?"

छापखान्याचा मालक म्हणाला, "शोधक, तुमच्या शर्टावर दोन चुका राहिल्यात." सगळे खिळे जुळवणारे हसले. त्यातल्या एकाची मागल्याच आठवड्यात त्यांनी सतरा चुकांसाठी खरडपट्टी काढली होती. तो सर्वांत शेवटपर्यंत हसत होता.

*

वाहन तपासणी कार्यालय म्हणजे एक लांबोडकं पटांगण, एक खिडकी आणि त्या खिडकीला एक माणूस. पटांगण सपाट होतं, तळहातासारखं. ट्रकनं तिथं दोन फेऱ्या मारल्या. ब्रेक लागला, दिवे लागले, भोंगा वाजला. तपासनीसानं मान हलवली आणि अर्ज पुढे केला. "एवढा भरा, सही करा, दुपारी दाखला घेऊन जा."

वहिनी बाकावर बसल्या होत्या. त्यांनी पदर खांद्यावर नीट घेतला, जणू दुपार झालीच.

शोधक अर्ज भरत आले. नाव, पत्ता, क्रमांक. शेवटची ओळ होती: 'ज्ञात दोष असल्यास येथे लिहावा.'

त्यांचा हात थांबला. आता इथं कुणीही सुज्ञ माणूस काय करतो? सुज्ञ माणूस ती ओळ पाहतच नाही. पण हा माणूस कोरी जागा पाहू शकत नव्हता आणि खोटा मजकूर तर त्याहून नाही. त्यांनी सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं: 'इंजिन अधूनमधून ठसकते. कारण अद्याप सापडलेले नाही.' पूर्णविराम दिला. वाचून पाहिलं. वाक्यात एकही चूक नव्हती.

तपासनीसानं अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"काका, ही ओळ आजवर कुणी भरलेली नाही."

"मग छापली कशाला?"

"ते छापणाऱ्याला विचारा."

छापणारे ते स्वतःच होते. त्या कार्यालयाचे सगळे अर्ज त्यांच्याच छापखान्यातून जात आणि या ओळीवरून त्यांची लाल शाई चार वेळा फिरून गेली होती. पण हे बोलायची ती वेळ नव्हती.

"दुसरा अर्ज द्या," बाकावरून उठून वहिनी म्हणाल्या.

"देतो की बाई. पण हा नोंदवहीत चढला," तपासनीस म्हणाला. त्याच्या बोलण्यात खरी हळहळ होती. "दोष लिहिलाय म्हणजे दोष आहे. आता मिस्त्रीकडून लिहून आणा की दोष दूर झाला."

मिस्त्री म्हणाला, "मला दोष दिसलाच नाही, दूर काय करू? तसं लिहून देतो." त्यानं तसं लिहून दिलं: 'दोष आढळला नाही.'

तपासनीसानं ते वाचलं. "आढळला नाही म्हणजे दूर झाला नाही."

"पण तो नाहीच आहे असं ते म्हणतायत."

"तुम्ही तर आहे म्हणताय. सही कुणाची आहे?"

सही शोधकांची होती. मग त्यांनी दोष सिद्ध करायचं ठरवलं. तपासनीसाला हातापाया पडून शेजारी बसवलं, पाण्याच्या टाकीच्या चढावर नेलं. डावं वळण आलं. आयुष्यात प्रथमच शोधकांनी मनापासून प्रार्थना केली की ठसक, बाबा, एकदा ठसक. ट्रक लोण्यातून सुरी जावी तसा वर गेला. तपासनीस चढावर उतरला, म्हणाला, "छान गाडी आहे, जपा," आणि चालत परत गेला. उतरताना एकट्या शोधकांना घेऊन ट्रक तीनदा ठसकला.

अर्ज बदलायला वरच्या कार्यालयाची परवानगी लागत होती. वरच्या कार्यालयाला खालच्याचा शेरा हवा होता. खालच्यानं शेरा दिला: 'अर्जदार स्वतःच्या विधानावर ठाम.' यात दोन महिने उलटले.

रोपवाटिकेच्या व्यवस्थापकाचा निरोप आला. माणूस सभ्य होता, स्वतः येऊन सांगून गेला. रोपं थांबत नाहीत, म्हणाला. मुळं पिशवी फोडून बाहेर येतात.

वहिनी दारापर्यंत त्याला सोडायला गेल्या. परत आल्या, मागच्या खोलीत बसल्या आणि घरातल्या सगळ्यांच्या उशांचे अभ्रे शिवत राहिल्या. कुणी सांगितलं नव्हतं.

महिनाअखेर त्याच म्हणाल्या, "भाऊजी, ट्रक काढून टाका. अंगणात उजेड येईल." भंगारवाला येऊन दोरानं ओढत घेऊन गेला. तो म्हणाला, चालवत नेतो. पण जुन्या दाखल्याची मुदत आता संपली होती आणि चालता ट्रक दाखल्याशिवाय रस्त्यावर आणायला बंदी होती, ओढलेल्याला नव्हती. जाताना हिरवं नाक फाटकाला घासलं. वहिनी खिडकीत नव्हत्या.

*

तीन आठवडे गेले. सोमवारी शोधकांनी नवा कोरा शर्ट अंगात घातला आणि बायको म्हणाली, "थांबा."

खांद्यावर डाग होता. फिकट, जुळा. एक पुढे, एक मागे.

"आता कुठला ट्रक?" बायकोनं विचारलं.

शोधक खाटेच्या कडेला बसले. छापखान्यात पहिल्या वर्षी त्यांना एक गोष्ट शिकवली होती. एकाच जागी, एकाच आकाराचा ठिपका कागदामागून कागदावर आला, तर कागदाला दोष देऊ नये. ठशात घाण आहे, ठसा पाहावा. ही गोष्ट त्यांनी स्वतः कितीतरी नवशिक्यांना ऐकवली होती.

ते उठले, परसदारी गेले, डब्यातला एकेक चिमटा काढून त्याचं तोंड उघडून पाहू लागले. एकोणीस गोरे निघाले. विसाव्याचे दोन्ही ओठ काळे होते.

दाढी अर्धवट, शर्ट तसाच, चिमटा मुठीत धरून ते भंगारवाल्याच्या वाड्यात पोचले. ट्रक एका रांगेत उभा होता, अजून मोडला नव्हता. त्यांनी झाकण उघडलं. सगळीकडे काजळी, फक्त पेट्रोलच्या नळीवर चिमट्याएवढी जागा स्वच्छ. बाजूनं एक बारीक तार जात होती, ठिणगीच्या डबीकडे जाणारी. तिचं रबर एका जागी झिजलं होतं, आतलं तांबं केसाएवढं दिसत होतं. आणि तिथंच शेजारी एक लोखंडी पट्टी, घासून घासून चांदीसारखी झालेली. चढ-उतारावर, वळणाला इंजिन हेलकावलं की तार पट्टीला टेकायची आणि ठिणगी पट्टीत जिरायची. शेजारी कुणी बसलं की त्याच्या वजनानं हेलकावा कमी व्हायचा. झाकण उघडून कुणीही हात घातला की तार सरकायची आणि दोन दिवस बरं चालायचं. भावानं तार नळीला जोडून वरून चिमटा लावला होता. एवढंच. शोधकांनी चिमटा लावला. तो आपल्या जागी असा बसला, जसा भाऊ जेवायला त्याच्या पाटावर बसे.

भंगारवाल्याला कुतूहल वाटलं. दाखल्याचा नियम त्या सकाळी कुणाला आठवला नाही; दोघं आळीपाळीनं, एकेकटे, टाकीच्या चढावर जाऊन आले, पाच वेळा. ट्रक एकदाही ठसकला नाही.

"ही तर झकास चालते," भंगारवाला म्हणाला. "मग विकलीत कशाला?"

"परत द्याल का?"

भंगारवाल्यानं इंजिनावर कान ठेवला, शोधकांकडे पाहिलं, पुन्हा इंजिनाकडे. "साहेब, तुम्ही मला भंगार विकलं होतं. ही गाडी आहे. ही मी तुमच्याकडून घेतलेलीच नाही."

चिमटा काढून घ्यावा, असं त्यांच्या मनात आलं. हात पुढेही गेला होता. पण एकदा जे खोडून त्यांनी घरदार बुडवलं, तेच दुसऱ्यांदा खोडायचं बळ बोटांत उरलं नव्हतं. ते पायी घरी आले.

वहिनी परसात कपडे वाळत घालत होत्या. शोधकांनी सगळं सांगितलं, काही न गाळता, काही न जोडता. वहिनींनी चादरीचा कोपरा ताणून सरळ केला.

"तार-पट्टीचं मला ठाऊक नव्हतं," त्या म्हणाल्या. "एवढंच ठाऊक होतं की ते इंजिनात डोकं घालून होते आणि म्हणाले, एक चिमटा दे गं, हिचा खोकला धरून ठेवतो. मी दिला. तुम्ही काढलात तेव्हा सांगायला आले होते."

"मग पुन्हा का नाही सांगितलं?"

"सांगितलं की, दुसऱ्यांदा. दुसऱ्याच्या घरात राहणारं माणूस एक गोष्ट दोनदा सांगतं भाऊजी. तिसऱ्यांदा सांगितली की तिला भांडण म्हणतात."

पुढची बातमी एअरब्रेकनी आणली. भंगारवाल्यानं ट्रक रंगवला, आपल्या नावावर नवा अर्ज करून तपासणीला नेला, शेवटची ओळ कोरी सोडली. पाऊण तासात दाखला. आणि ट्रक घेतला कुणी, तर रोपवाटिकेनं. ड्रायव्हरही ठेवला. क्लच फार झटक्यात सोडतो, असं एअरब्रेकचं मत.

आता मंगळवार, गुरुवार आणि शनिवार सकाळी ट्रक घरावरून जातो. मागे रोपं हिरवी डुलत असतात. आवाज कोपऱ्यावर आला की घरातली बोलणी आपोआप थांबतात. शोधक दाढी अर्धवट ठेवून कान देतात आणि मनातल्या मनात म्हणतात, एकदा ठसक, बाबा. एकदाच. तो ठसकत नाही.

वहिनी दोरीपाशी असतात. डब्यात चिमटे पुन्हा एकोणीस झालेत. एक कमी पडतो, म्हणून शोधकांचा पांढरा शर्ट एकाच खांद्याला टांगलेला असतो आणि त्याची मोकळी बाही, ट्रक दिसेनासा झाला तरी, वाऱ्यानं हलत राहते. खांदे दोन्ही स्वच्छ असतात.